मनोहररावांची कंबर आणि पाचवा मालक

म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या तिरुमलरावांच्या शिवणकामाच्या दुकानात माप दोन प्रकारचं असतं. एक बोलायचं आणि एक लिहायचं.

गिऱ्हाईक समोर उभं राहतं, श्वास आत ओढतं आणि छताच्या पंख्याकडे बघत बसतं. तिरुमलराव कमरेभोवती टेप फिरवतात आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारतात, “छत्तीस!” त्याच वेळी त्यांच्या उजव्या हातातला खडू टेबलावर टकटक वाजतो. जितके ठोके तितके इंच वर. अर्धा इंच असेल तर तिरुमलराव खोकतात. मागच्या मशीनवर बसलेल्या त्यांच्या पत्नी अंबूताई ठोके मोजतात, खोकला धरतात आणि वहीत खरा आकडा लिहितात. गिऱ्हाईक छत्तिशीच्या आनंदात घरी जातं. पँट एक्केचाळीसची शिवून येते आणि अंगात अशी बसते की माणूस शेजाऱ्याला सांगतो, “रेडिमेडचे छत्तीस मला घट्ट होतात हो. तिरुमलरावांचा हातच वेगळा.”

चाळीस वर्षांत या पद्धतीने कुणाचं मन दुखावलं नाही आणि कुणाची शिवण उसवली नाही. अडचण व्हायची ती फक्त मनोहररावांच्या वेळी. मनोहरराव म्हणजे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर आणि विठ्ठल मंदिराच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांचं बोलायचं माप छत्तीसच होतं, पण त्यापुढे खडूचे दहा ठोके आणि एक खोकला. त्या दिवशी दुकानावरून जाणाऱ्याला वाटायचं की आत कोणीतरी तबला लावतंय आणि गवयाचा घसा बसलाय.

हे तिरुमलराव एका व्हिडिओ गेम कंपनीत गेली चौदा वर्षं काम करतात, असं सांगितलं तर ऐकणारा आधी त्यांच्याकडे बघतो, मग सांगणाऱ्याकडे. वय बासष्ट, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि मोबाईलला लावलेलं कव्हर स्वतः शिवलेलं. पण ते खरं आहे.

२०११ साली उदय खांबेटे नावाचा एक तरुण पँटची उंची कमी करायला दुकानात आला. मूळचा नाशिकचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी म्हैसूरला आला, नोकरी सोडली, गाव सोडवेना, म्हणून विजयनगरमध्ये एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ‘गजशाळा गेम्स’ नावाची कंपनी काढून बसला होता. पँट होईपर्यंत त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर हत्तींच्या एका राज्याचा राजा उभा होता, अंगात काळा लाँग कोट.

तिरुमलरावांनी चष्मा वर केला. “हा राजा हात वर कसा करतो?”

“म्हणजे?”

“काखेत मुंढाच कापला नाही हो कोटाला. बाही सुम्मने, उगीच आपली चिकटवलीय. करायला सांगा बघू त्याला हात वर.”

उदयने बटण दाबलं. राजाने प्रजेला आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि अख्खा कोट गळ्यापर्यंत वर चढला. राज्याभिषेकाच्या दिवशी राजाची बेंबी दिसली.

“अय्यो,” तिरुमलराव कळवळले. “हे असं जगाला दाखवणार?”

दुसऱ्याच मंगळवारी ते कागद, कात्री आणि खडू घेऊन विजयनगरला पोचले. तिथे त्यांना कळलं की कॉम्प्युटरमधले कपडेही खऱ्यासारखेच शिवता येतात. कागदावर पाठ, पुढा, बाही कापायची, ते तुकडे आत चढवायचे, कडा जोडायच्या, की कापड अंगावर पडतं. फक्त एक गोष्ट हवी. अंग. आणि उदयकडे होती ती अंगं कुठल्या तरी परदेशी दुकानातून आणलेली. खांदे एकतीस इंच, कंबर अठ्ठावीस. तिरुमलराव म्हणाले, “ह्याला आधी डॉक्टरकडे न्या.”

मग त्यांनी आपली वही आणली आणि इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकांतून सतरा माणसं निवडली. कोणाचे खांदे उतरते, कोणाच्या पाठीला बाक, कोणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. पोट वाढलं म्हणून खांदा वाढत नाही, कोट पुढून आखूड होतो आणि मागून लोंबतो, ही गोष्ट जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरला माहीत नव्हती, तिरुमलरावांना होती. सतरा अंगं तयार झाली. ओळखू यावीत म्हणून उदयच्या माणसांनी फायलींना वहीतलीच नावं दिली. भुजंगराव एक. सत्यनारायण दोन. मनोहरराव अकरा.

गोम तिथेच होती, पण ती कळायला चौदा वर्षं लागली.

मधल्या काळात कंपनीला एकामागून एक मालक मिळत गेले. पहिला मालक उदय स्वतःच होता. दुसरी बंगळूरची एक कंपनी, मोबाईलच्या रिंगटोन विकणारी. तिला हत्ती नको होते, कारण लहान पडद्यावर हत्ती बटाट्यासारखा दिसतो. पुढे रिंगटोन गेल्या आणि ती कंपनीही गेली, बटाटे राहिले. तिसरी सिंगापूरची ‘थर्ड जेटी’. तिच्या राजवटीत राजा दर पाच मिनिटांनी खेळणाऱ्याला थांबवून नवा पेटा, म्हणजे म्हैसुरी पगडी, विकत घ्यायचा आग्रह करी. राजावर पेटे विकायची वेळ आली, हे बघून तिरुमलरावांना तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथी उत्तर युरोपातली ‘फ्रॉस्टबेल’. देवराज मार्केटात लोक वांगी घेतात तशा तिने दोन वर्षांत तेवीस कंपन्या पिशवीत भरल्या. घरी गेल्यावर लक्षात आलं असावं की इतक्या वांग्यांचं करायचं काय.

प्रत्येक मालक आला की नवी पाटी, नवी चहाची मशीन आणि तिरुमलरावांना नवं पद. वस्त्र सल्लागार. मग क्लॉथ आर्टिस्ट. मग सीनियर गारमेंट सिम्युलेशन पार्टनर. शेवटचं कार्ड अंबूताईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात शिंपी कुठे लिहिलंय?”

“लिहिलं नाही.”

“मग गिऱ्हाइकाला देऊ नका. दुकान बंद झालं समजतील.”

यंदा फ्रॉस्टबेलने कळवलं की महिनाअखेर म्हैसूरचा स्टुडिओ एकतर विकला जाईल, नाहीतर बंद होईल. बावीस माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि अगदी शेवटी एक गिऱ्हाईक उभं राहिलं. कॅनडातली ‘टॉल टिंबर’ नावाची कंपनी. तिला हत्ती नको होते, राजा नको होता, उदयही फारसा नको होता. तिला हवी होती ती सतरा अंगं. तिच्या नव्या गेममध्ये खेळणाऱ्याला आपल्यासारखं अंग निवडता येणार होतं. जाडं, बारीक, म्हातारं, वाकडं. जगातल्या सगळ्या कंपन्यांकडे जाडा माणूस म्हणजे फुगवलेला बारीक माणूस होता. खरा जाडा माणूस फक्त म्हैसूरमध्ये होता.

संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी, त्यांच्या वकीलबाई पडद्यावर आल्या. खोलीत उदय होता, तिरुमलराव होते आणि कपड्यांचं काम बघणारी आभा होती. आभा पुण्याहून आलेल्या आईबापांची मुलगी, पण म्हैसूरमध्ये वाढलेली, वय सत्तावीस. तिरुमलरावांनी कापलेला कागद कॉम्प्युटरमध्ये अंगावर चढवायचा तो तिनेच.

वकीलबाईंनी यादी समोर धरली. “मनोहरराव हे गृहस्थ कोण? २०११पासून प्रत्येक आवृत्तीत त्यांचं नाव आहे. पगार घेणाऱ्यांत मात्र कुठेच नाही. त्यांचं पद काय?”

उदयने घसा साफ केला. “ते पोट आहेत, मॅडम.”

बाईंनी यादीवरचं बोट पुढे सरकवलं. “आणि भुजंगराव?”

“उतरते खांदे.”

“सत्यनारायण?”

“पाठीचा बाक.”

“म्हणजे ही नावं कल्पित आहेत.”

“छे छे!” उदयची छाती अभिमानाने दोन इंच फुगली. “अगदी खरी माणसं आहेत. चामराजपुरममध्ये राहतात. आमची खासियतच आहे ती.”

आभाने कपाळाला हात लावला. खरी माणसं म्हटल्यावर त्यांचं माप ही त्यांची खासगी माहिती झाली, आणि ती वापरायची तर प्रत्येकाची लेखी संमती हवी. कागदावर त्याचं खरं माप छापलेलं हवं, ते त्याने वाचलेलं हवं आणि खाली सही हवी. सतराच्या सतरा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत. एक जरी नाही म्हणाला तरी ते अंग पुसायचं, आणि सतरा नसतील तर खरेदी नाही. बाई अतिशय नम्रपणे हे सगळं बोलल्या आणि पडदा काळा झाला.

तिरुमलराव टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. सोमवार होता तो.

“काका, फक्त सिग्नेचर्स घ्यायच्या आहेत,” आभा म्हणाली. “सगळे तुमच्या ओळखीचेच.”

“तेच तर ना, आभा. त्यांना विचारलं नव्हतं मी.”

कधी नव्हे ते तिरुमलराव त्या दिवशी घरी चालत गेले, आणि अंबूताईंना सगळं सांगितलं. अंबूताईंनी पुरतं ऐकून घेतलं. “आकडे म्हणजे नुसते आकडे, असं वाटलं तुम्हाला?”

“हो.”

“कागदावर खरं माप छापणार?”

“हो.”

“मनोहर अण्णांचंसुद्धा?”

तिरुमलराव खोकले. सवयीने.

मंगळवारी आणि बुधवारी ते आणि आभा तिच्या स्कूटरवरून घरोघर फिरले. प्रत्येक घरी तिरुमलराव आधी उभ्याउभ्याच कबुली द्यायचे, मग बसायचे. काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. भुजंगराव हे मंडळाचे चिटणीस, वय सत्तर, कंबर बत्तीस, आणि ही गोष्ट ते आरतीनंतर प्रसादासारखी वाटत. त्यांनी सही करून कागदाची एक प्रत मागितली, चौकटीत लावायला. एकाने विचारलं, “माझं १९९८चं माप चालणार नाही का? तेव्हा मी बरा होतो.” दिव्यांचं दुकान चालवणारे सत्यनारायण चार वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या पत्नीने कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “चालतात का ते त्यात?”

आभाने लॅपटॉपवर दाखवलं. पाठीला बाक असलेला एक म्हातारा सावकाराचा अंगरखा घालून बाजारातून चालत गेला. बाईंनी दोनदा बघितलं. “एवढे सरळ नव्हते चालत. डावीकडे स्वल्प झुकायचे. तेवढं करशील?” आभाने तिथेच बसून तेवढं केलं. मग सही झाली, आणि चिवडाही.

बुधवार संपता संपता सोळा कागद जमले. उदयने फोनवर विचारलं, “झालं ना, तिरुमलराव?”

“एक राहिलाय, सार.”

“कोण?”

“मोठा.”

गुरुवारी सकाळी मनोहरराव मंडळाच्या दोन सभासदांबरोबर दिवाणखान्यात बसले होते. सून कॉफी देऊन गेली. तिरुमलरावांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. मनोहररावांनी हेडमास्तरच्या सवयीने कागद हातात घेतला, लाल पेन काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

“तिरुमला, यात चूक आहे. कंबर साडेशेहेचाळीस छापलंय.”

“चूक नाही, मनोहरराव.”

“माझी छत्तीस आहे. तूच ओरडून सांगतोस. अख्खा रस्ता साक्षीला आहे!”

दोन्ही सभासद कॉफीत बघू लागले.

“टेप आणलीयस?”

“गळ्यातच आहे.”

“मोज. आत्ता मोज. या दोघांसमोर.”

मनोहरराव उठले आणि त्यांनी श्वास असा ओढला की कोपऱ्यातली समई हलली. तिरुमलरावांनी टेप फिरवली. समोर टेबल होतं, पण खडू नव्हता. असता तरी वाजवला नसता.

“साडेशेहेचाळीस,” ते म्हणाले. रस्त्यापर्यंत गेला नाही आवाज, पण स्वयंपाकघरापर्यंत गेला. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

मनोहररावांनी श्वास सोडला. टेप आणखी अर्धा इंच सरकली. तिरुमलरावांनी तो हिशेबात धरला नाही.

“आणि हे तू मशीनमध्ये घातलंस. जगभर.”

“हो.”

“मला न विचारता.”

“हो. चूक झाली माझी.”

“शिंपी आणि वैद्य,” मनोहरराव हळू आवाजात म्हणाले, आणि हळू आवाज ही त्यांची शेवटची पायरी होती, शाळेतल्या मुलांना ती ठाऊक होती. “या दोघांसमोर माणूस हात वर करून उभा राहतो, तिरुमला. तो विश्वासाने. सही मिळणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः तिकडे येतो. माझ्या डोळ्यांसमोर मला पुसायचं.”

ही बातमी ऐकून उदय खुर्चीत बसला तो उठेनाच. मनोहरराव अकरा या अंगावर गेममधली एकसष्ट माणसं उभी होती. ते पुसणं म्हणजे घराचा मधला खांब काढणं. “तिरुमलराव, समजावू या त्यांना. मी बोलतो. हार घालतो. मंदिराला देणगी—”

“काही बोलायचं नाही, उदय सार.” तिरुमलराव पहिल्यांदाच त्या ऑफिसात आवाज चढवून बोलले. “त्यांचं अंग आहे. पुसा म्हणाले तर पुसायचं. पुढचं पुढे बघू. बावीस माणसांचं मला कळतं हो. पण एकदा न विचारता घेतलं, आता गळ घालून घेऊ?”

उदयने हातातला फोन खाली ठेवला. चहाच्या मशीननेही तेवढ्यापुरता मान राखला आणि घरघर थांबवली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बंगल्यासमोर रिक्षा थांबली. मनोहरराव उतरले ते पूर्ण पोशाखात. पांढरा जरीकाठी पेटा, काळा लाँग कोट, खांद्यावर घडी घातलेलं उपरणं. आपलं विसर्जन आहे तर ते नीट व्हावं असा विचार असावा. खालचे घरमालक दसऱ्याची पाहुणेमंडळी आली समजून फाटक उघडायला धावले. जिन्याशी तिरुमलराव उभे होते. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण वळणावर मनोहररावांना धाप लागली तेव्हा तिरुमलराव एक पायरी मागे थांबले, घाई न करता.

आभाने खुर्ची दिली. “अंकल, कायद्याप्रमाणे काढायच्या आधी काय काढतोय ते दाखवावं लागतं. बघणार?”

“दाखव. चटकन.”

पडद्यावर राखाडी मातीचा केल्यासारखा एक माणूस आला. कपडे नाहीत, चेहरा नाही. नुसता देह. आभाने तो हळूच फिरवला. मनोहरराव मान वळवून बघत राहिले. पाठ त्यांनी स्वतःची कधी पाहिली नव्हती.

“एवढा आहे मी?”

“आता हे सगळे जातील,” आभा म्हणाली आणि तिने एकेकाला बोलावलं. त्याच देहावर सेनापती चढला, चिलखतासकट. मग दिवाण. मग मिठाईवाला, हत्तींचा वैद्य, नगरशेठ. आणि सगळ्यांत शेवटी लाँग कोट आणि पेटा घातलेला राजा. तो सिंहासनावरून उठला, हात वर केला, आणि कोट जागचा हलला नाही. पुढून मागून एका रेषेत पडला.

मनोहररावांनी नकळत स्वतःच्या कोटाची कड ओढून बघितली.

“हा राजा मी आहे?”

“अंग तुमचं. कोट तिरुमल काकांचा.”

“मला काढल्यावर कोण होणार राजा?”

“हेड ऑफिसने पाठवलेला आहे एक.” आभाने बटण दाबलं. तोच कोट एका फुगवलेल्या माणसावर गेला. खांदे कानापर्यंत, कॉलरमध्ये दुसरं डोकं मावेल इतकी जागा. गादीच्या खोळीत भोपळा घातला तर तो असाच दिसेल. भोपळ्याने प्रजेला आशीर्वाद दिला.

“शी!” मनोहरराव मनापासून म्हणाले. “याला कोण मुजरा करेल? आमच्या शाळेचा शिपाईसुद्धा करणार नाही.” मग जरा थांबून, इकडे तिकडे बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, “आपला भुजंग कुठे आहे यात?”

आभाने तिरुमलरावांकडे पाहिलं. तिरुमलरावांनी खिडकीकडे.

“भुजंगराव एक म्हणजे चोर, अंकल. बत्तीस कंबरेचे सगळे चोर आहेत. पहिल्या दरवाज्यातच हत्तीच्या पायाखाली जातात.”

“रोज?”

“रोज काय, दर मिनिटाला. कुठे ना कुठे कोणीतरी खेळत असतं ना.”

मनोहररावांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते समाधान म्हणावं की शांती, हे सांगणं कठीण. खोलीतल्या बावीस जणांनी ते पाहिलं. पण ते लगेच मावळलं. ते तिरुमलरावांकडे वळले.

“चाळीस वर्षं खोटा आकडा सांगितलास मला.”

“हो.”

“का रे?”

“तुम्ही श्वास धरून उभे असायचात, मनोहरराव. तेवढ्या वेळात खरं काय सांगणार?” तिरुमलराव थांबले. “कापड मात्र कधी खोटं कापलं नाही.”

“ते कळतंय,” मनोहरराव म्हणाले. पडद्यावर राजा पुन्हा सिंहासनावर बसत होता, आणि हेडमास्तर एकदम ताठ झाले. “थांब, थांब! हा बसला कसा?”

“कसा?”

“लाँग कोट घातलेला माणूस बसताना खालचं बटण काढतो. नाहीतर बसल्यावर पोटावर ताण येतो आणि बटण तुटतं. एवढं कळत नाही राजाला? हा वाढलाय कुठे?” ते उठले. “बघ, मुली.” डाव्या हाताने त्यांनी उपरणं सावरलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी शेवटचं बटण असं सोडवलं की समोरच्याला कळूही नये, आणि कोटाचे दोन्ही पदर मांड्यांवर सारखे करत खुर्चीत बसले. साधी प्लॅस्टिकची खुर्ची होती. पण समोर दरबार असता तर उभा राहिला असता.

“अंकल, पुन्हा एकदा? रेकॉर्ड करू?” आभाने फोन काढला.

“विचारलंस ते बरं केलंस,” मनोहरराव म्हणाले. “कर.”

ते पाच वेळा उठले आणि पाच वेळा बसले. सहाव्यांदा उठताना गुडघा बोलला म्हणून तिरुमलरावांनी हात पुढे केला, आणि तो त्यांनी घेतला.

“कागद आण तो.”

लाल पेनानेच सही झाली. आकड्यापुढे त्यांनी हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पाहिले. बरोबर आहे.’ आणि खाली ‘कंपनीशी नाते’ अशी रिकामी जागा होती, तिथे जराही न अडखळता ‘राजा’ असं भरलं. कॅनडाच्या वकीलबाईंनी त्याचा इंग्रजी अर्थ विचारणारं पत्र पाठवलं. उदयने दोन ओळींत उत्तर दिलं. आणि संध्याकाळी सात वाजता सतराही कागद पोचल्याचा निरोप आला. आभाने किंकाळी फोडली. कोणीतरी खालून म्हैसूरपाक आणला, तो वाटता वाटता कंपनीला पाचवा मालक मिळाला.

हत्तींचा जुना गेम तसाच चालू ठेवून नव्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी पाठवल्या. तिरुमलरावांसाठी नवं पद, जे एका कार्डावर मावत नव्हतं, आणि एक विनंती. सतराही अंगं पुरुषांची आहेत, बायकांचं काय?

तिरुमलरावांनी विनंती अंबूताईंसमोर ठेवली. बायकांची मापं त्यांच्याकडे नव्हतीच. ती दुसऱ्या वहीत होती, आणि ती वही चाळीस वर्षांत अंबूताईंनी नवऱ्यालाही उघडू दिली नव्हती.

“वही मिळणार नाही,” अंबूताई म्हणाल्या.

“बरं.”

“बायका मिळतील. पण मी विचारणार, मी मोजणार, आणि कोणाला काय करायचं ते त्या ठरवणार. तुमच्या त्या उदयला सांगा, मंगळवारी पुरुषांनी वरच्या मजल्यावर यायचं नाही.”

मंगळवारी विजयनगरच्या त्या जिन्याखाली चपलांचे अकरा जोड होते आणि उदय खांबेटे घरमालकांबरोबर अंगणात बसून होता, स्वतःच्या कंपनीबाहेर. वर आभा कागद वाचून दाखवत होती, अंबूताई टेप घेऊन उभ्या होत्या. रांगेत पहिल्या जयवंतीबाई. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, पन्नाशीच्या, हातात विळी आली तर फणसाने घाबरावं अशा दंडांच्या. त्यांनी सही केली, पदर खोचला आणि विचारलं, “मला राणी करणार ना, अंबूताई?”

“राणीला काय काम असतं ग? सुम्मने बसून राहायचं,” अंबूताई टेप उलगडत म्हणाल्या. “तुझ्यासाठी मी माहुताची जागा मागितलीय. हत्ती मिळेल.”

जयवंतीबाईंनी क्षणभर विचार केला आणि दोन्ही हात वर केले.